मतदान यंत्राजवळ बसणाऱ्या प्रतिनिधीने नेमके काय पाहावे?

अनघा_वाई यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या विधानसभा मतदारसंघात होणाऱ्या पोटनिवडणुकीत मी एका अपक्ष उमेदवाराची मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसणार आहे. उमेदवाराच्या पाठीशी मोठी यंत्रणा नाही. मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी शिबिरांना जाऊन येतात, तसे प्रशिक्षण आम्हाला कोणी दिलेले नाही. ‘सकाळी साडेपाचला हजर राहा आणि सांगतील तिथे सही करा’ एवढीच सूचना मिळाली आहे. मात्र ज्या कागदावर माझी सही राहणार तो कागद कशाचा पुरावा आहे, हे समजल्याशिवाय सही करण्याची माझी तयारी नाही.

आमच्या घरातच या विषयावर दोन टोकांची मते आहेत. सासऱ्यांच्या मते यंत्रात काहीही करता येत नाही, त्यामुळे प्रतिनिधी बसवणे हा केवळ उपचार आहे. धाकट्या दिरांच्या मते सगळे आधीच ठरलेले असते, त्यामुळे बसून उपयोग नाही. दोघांचे म्हणणे खरे मानले तर मी दिवसभर तिथे कशासाठी बसायचे, हा प्रश्न उरतोच. मला यंत्राची बाजू घ्यायची नाही आणि यंत्राविरुद्ध बोलायचेही नाही. बाकावर बसलेल्या सामान्य बाईला स्वतःच्या डोळ्यांनी काय तपासता येते, कोणत्या वेळी तपासता येते आणि काही चुकीचे दिसले तर कोणता मार्ग आहे, एवढे कोणी अनुभवी व्यक्तीने सांगावे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आणि ‘सतरा-सी’ या दोन गोष्टींबद्दल विशेष सांगावे, कारण ही दोन नावे सतत कानांवर पडतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध मला अजून लागलेला नाही.

केंद्राध्यक्ष_कराड

अनघाताई, सहीबद्दल आपण घेतलेली भूमिका अगदी योग्य आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. सेवेत असताना आधी मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून अनेक निवडणुकांचे काम केले, म्हणून टेबलाच्या पलीकडल्या बाजूने सांगतो. जो प्रतिनिधी प्रत्येक टप्प्यावर नीट पाहतो आणि प्रश्न विचारतो, त्याची चांगल्या केंद्राध्यक्षाला अडचण वाटत नाही, उलट आधार वाटतो.

आपण ज्याला एक यंत्र म्हणतो ती तीन उपकरणे असतात. केंद्राध्यक्ष किंवा तिसरा मतदान अधिकारी यांच्यासमोर कंट्रोल युनिट असते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे, म्हणजे मतदान कक्षात, उमेदवारांच्या नावांपुढे बटणे असलेले बॅलेट युनिट आणि मताची चिठ्ठी छापणारे व्हीव्हीपॅट असते. ही सगळी केबलने जोडलेली आणि बॅटरीवर चालणारी असतात, त्यामुळे गावात वीज गेली तरी मतदान थांबत नाही. एका बॅलेट युनिटवर ‘नोटा’ धरून सोळा नावे बसतात. उमेदवार वाढले तर युनिटे जोडत जातात. सध्याच्या एम-३ प्रकारच्या यंत्राला अशी २४ युनिटे, म्हणजे ३८४ नावे जोडता येतात. तिसऱ्या अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरील ‘बॅलेट’ हे बटण दाबल्याशिवाय आतले बॅलेट युनिट मत घेत नाही. ते दाबले की आत हिरवा दिवा लागतो. मतदाराने नावापुढचे निळे बटण दाबले की त्या नावाजवळ लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या खिडकीत उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग ती कापली जाऊन खालच्या बंद कप्प्यात पडते, आणि लांब ‘बीप’ ऐकू येतो. अधिकाऱ्याने पुन्हा ‘बॅलेट’ दाबेपर्यंत आतले बटण कितीही वेळा दाबले तरी दुसरे मत पडत नाही. बाकावरून आपल्याला हा आवाज ऐकू येतो. मतदार आत गेला आणि आवाज न होताच बाहेर आला, तर तेव्हाच केंद्राध्यक्षांच्या लक्षात आणून द्यावे.

आता सकाळचे काम, कारण दिवसातला सर्वांत महत्त्वाचा तास तोच आहे. मतदान सातला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान, ज्याला सगळे मॉकपोल म्हणतात, साडेपाचला सुरू होते. त्याआधी तिन्ही उपकरणांचे क्रमांक पाहा. कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार हे संगणकावरील सरमिसळीने ठरते आणि त्या क्रमांकांची यादी उमेदवारांना दिली जाते. ती यादी उमेदवाराकडून मागून घ्या आणि क्रमांक स्वतः जुळवा. बहुतेक प्रतिनिधी ही यादी आणतच नाहीत, ही माझी जुनी खंत आहे. व्हीव्हीपॅटच्या मागच्या बाजूला एक खटका असतो. वाहतुकीच्या वेळी तो आडवा असतो आणि वापरायच्या वेळी उभा करावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

अभिरूप मतदानात किमान ५० मते टाकतात आणि प्रत्येक उमेदवाराला, तसेच ‘नोटा’ला, मत पडलेच पाहिजे. कोणाला किती मते टाकली याची नोंद आपण आपल्या वहीत वेगळी ठेवावी. मग ‘क्लोज’ दाबतात, ‘रिझल्ट’ दाबून उमेदवारनिहाय मते वाचतात, आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या बाहेर काढून त्यांच्याशी ताळा करतात. आपली वही, यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या, तिन्ही जुळल्या पाहिजेत. त्यानंतर ‘क्लिअर’ दाबून ही मते पुसतात. ती पुसल्यावर ‘टोटल’ दाबून पडद्यावर शून्य आलेले पाहणे आणि व्हीव्हीपॅटचा कप्पा रिकामा झालेला वाकून पाहणे, ही दोन कामे कोणाच्या भरवशावर सोडू नका. काढलेल्या प्रत्येक चिठ्ठीच्या मागे मॉकपोलचा शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद केल्या जातात. घाई झाली की हा टप्पा चुकतो, आणि मग प्रत्यक्ष मतदानाच्या आकड्यात सकाळची मते मिसळून मतमोजणीच्या दिवशी नवा वाद उभा राहतो.

पुढची सही हिरव्या कागदी मोहोरेवर होते. कंट्रोल युनिटमधील निकालाचा कप्पा बंद करण्यासाठी ही मोहोर लावतात. तिच्यावर छापील क्रमांक असतो आणि केंद्राध्यक्षांबरोबर प्रतिनिधींच्याही सह्या घेतात. तो क्रमांक वहीत लिहून घ्या. मतमोजणीच्या टेबलावर तीच मोहोर, तोच क्रमांक आणि तीच सही दिसली पाहिजे. आपल्या सहीचा अर्थ तिथे लागतो.

दिवसभरात पहिला अधिकारी मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो. ओळखीविषयी शंका असेल तर आक्षेप त्याच क्षणी घ्यावा लागतो. त्यासाठी दोन रुपये भरावे लागतात आणि केंद्राध्यक्ष जागेवरच चौकशी करतात. दुसरा अधिकारी नमुना १७ अ या नोंदवहीत मतदाराची सही किंवा अंगठा घेतो. कंट्रोल युनिटवरील ‘टोटल’ हे बटण केव्हाही दाबता येते. त्यातून कोणाला किती मते पडली हे कळत नाही, एकूण मतांचा आकडा मात्र कळतो, आणि तो या नोंदवहीशी जुळला पाहिजे. नोंदवहीत सही करून मत न देताच कोणी परत गेले तर शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद होते आणि तेवढा फरक समजून घ्यावा लागतो.

सायंकाळी सहा वाजता जे रांगेत असतील त्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या देतात, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात, म्हणजे मागून कोणी नवा उभा राहू शकत नाही. शेवटचे मत पडले की ‘क्लोज’ दाबतात आणि त्यानंतर यंत्र एकही मत घेत नाही. मग नमुना १७ क, म्हणजेच सतरा-सी, भरला जातो. त्यात यंत्रांचे क्रमांक, केंद्रावरील एकूण मतदार, नोंदवहीतील मतदार, मत न देता गेलेले, यंत्रातील एकूण मते आणि कागदी मोहोरांचा हिशेब असतो. हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला त्याची खरी प्रत देणे केंद्राध्यक्षांवर बंधनकारक आहे. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या सांगतात मत कोणाला पडले, आणि सतरा-सी सांगतो एकूण मते किती पडली. मतमोजणीला यंत्र उघडले की पहिला ताळा सतरा-सीतील आकड्याशी होतो. ती प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका, मग रात्रीचे कितीही वाजोत.

विद्युतमंडल

गुरुजींनी केंद्रावरचे सर्व सांगितले आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून आतल्या बाजूविषयी थोडे लिहितो. ही यंत्रे भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या बनवतात. कंट्रोल युनिटला उमेदवाराचे नाव किंवा पक्ष ठाऊक नसतो. तिसरे बटण दाबले गेले, एवढेच ते नोंदवते. तिसऱ्या बटणावर कोण आहे हे बॅलेट युनिटवर लावलेला छापील कागद सांगतो, आणि त्या कागदावरील क्रम अर्ज माघारीनंतर ठरतो. मान्यताप्राप्त पक्ष, नोंदणीकृत पक्ष आणि अपक्ष असे गट करून प्रत्येक गटात नावे वर्णक्रमाने लावतात. त्यामुळे एकच पक्ष एका मतदारसंघात पहिल्या बटणावर असतो, तर शेजारच्या मतदारसंघात चौथ्या. कारखान्यात बसून एखाद्या पक्षासाठी आधीच सोय करून ठेवणे अवघड का आहे, हे यावरून कळते. व्हीव्हीपॅटची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण छपाईसाठी त्याला नाव आणि चिन्ह पुरवावेच लागते.

यंत्राला इंटरनेट, वायफाय किंवा ब्लूटूथ यांची जोडणी नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. तेथील मतमोजणी केंद्रावरील एका मोबाइलवरून, ओटीपी टाकून यंत्र उघडल्याची चर्चा पसरली होती. मोजलेले आकडे ज्या संगणक प्रणालीत भरतात तिच्यात प्रवेश करण्यासाठी तो ओटीपी होता आणि मतदान यंत्राला ओटीपी लागतच नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी नंतर स्पष्ट केले. मोबाइल आत कसा गेला, हा प्रश्न अर्थातच गंभीर होता. पण शिस्तभंग ही एक गोष्ट आणि यंत्रात शिरकाव ही दुसरी. तक्रार करताना आपण कोणत्या गोष्टीविषयी बोलत आहोत हे नेमके सांगितले, तरच तिची शहानिशा होते.

असाच गोंधळ बॅटरीच्या आकड्यावरून होतो. हरयाणातील २०२४ च्या मतमोजणीत काही यंत्रांवर बॅटरी ९९ टक्के दिसली, आणि दिवसभर वापरलेल्या यंत्रात असे कसे असेल अशी तक्रार झाली. कंट्रोल युनिटची बॅटरी अल्कलाइन प्रकारची असते, मोबाइलसारखी चार्ज होणारी नसते. तिचे व्होल्टेज ७.४ ते ८ च्या दरम्यान असेपर्यंत पडद्यावर ९९ टक्केच दिसतात; ते ७.४ च्या खाली गेले की मगच आकडा प्रत्यक्ष उतरू लागतो. ज्या केंद्रावर मतदान कमी झाले किंवा मध्येच नवी बॅटरी बसवली, तिथे मतमोजणीपर्यंत ९९ दिसू शकते. अनघाताई, दिवसात बॅटरी बदलली गेली तर ती वेळ वहीत लिहा. बदलताना मते पुसली जात नाहीत. आधीची आणि नंतरची ‘टोटल’ मात्र पाहून घ्या.

माझ्या मते तिन्ही उपकरणांत सर्वांत नाजूक व्हीव्हीपॅट आहे, कारण त्यात हलणारे भाग, उष्णतेने छापणारा कागद आणि प्रकाशावर चालणारे संवेदक आहेत. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया आणि पालघर येथील लोकसभा पोटनिवडणुकांत ऐन उन्हाळ्यात ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर बंद पडली आणि भंडारा-गोंदियात ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. संवेदकावर थेट प्रकाश पडणे हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले, आणि पुढे यंत्रांत त्यानुसार सुधारणा झाली. आजही मतदान कक्ष खिडकीसमोर किंवा उघड्या दिव्याखाली मांडू नये अशी सूचना असते. सकाळी वर्गात शिरताच टेबल कुठे मांडले आहे ते पाहा. ऊन चढल्यावर खिडकीतून प्रकाश कुठे येईल याचा विचार साडेपाचला कोणी करत नाही. मतदान सुरू झाल्यानंतर केवळ व्हीव्हीपॅट बिघडले तर तेवढेच बदलतात. बॅलेट युनिट किंवा कंट्रोल युनिट बिघडले तर तिन्ही बदलतात, आणि तेव्हा नोटासह प्रत्येक उमेदवाराला एक मत टाकून पुन्हा अभिरूप मतदान होते. जुने कंट्रोल युनिट आणि त्यातली मते जपून ठेवली जातात व मोजलीही जातात, म्हणून त्याचाही क्रमांक आणि ‘टोटल’ आपल्या वहीत हवी.

सनद

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत. मी वकिली करतो, आणि एक गोष्ट अधिक स्पष्टपणे मांडावी असे मला वाटते. यंत्रावर विश्वास ठेवा असे नागरिकाला सांगून भागत नाही. त्याला तपासता आले पाहिजे. केरळमधील परवूर मतदारसंघात मे १९८२ मध्ये ५० केंद्रांवर ही यंत्रे प्रथम वापरली गेली. कायद्यात तशी तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवर मतपत्रिकांनी फेरमतदान घेण्यास सांगितले. तरतूद १९८८ च्या दुरुस्तीने आली. पुढे कागदी पुराव्याची गरज न्यायालयानेच ऑक्टोबर २०१३ मध्ये मान्य केली. मार्च २००९ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तेथील मतदान संगणकांचा वापर घटनाबाह्य ठरवला, त्यामागेही हेच तत्त्व होते की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत. तेथील यंत्रांत कागदी चिठ्ठी नव्हती, आपल्याकडे ती आहे, हा फरक मोठा आहे. पण चिठ्ठी असणे आणि ती मोजली जाणे, यांतही फरक आहे.

एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील सोडत काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्याच व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. समजा, ३०० केंद्रांच्या मतदारसंघात १० केंद्रांवर काही विपरीत घडले, तर त्यांतले किमान एक केंद्र या पाचांत येण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. चुरशीच्या लढतीत दहा केंद्रे निकाल फिरवू शकतात. म्हणून मतमोजणीची ही पद्धत मला अपुरी वाटते, आणि तसे म्हणणे म्हणजे गैरप्रकार झाल्याचा आरोप करणे नव्हे.

विद्युतमंडल यांनी व्हीव्हीपॅटला नाव आणि चिन्ह पुरवावे लागते असे ओघात म्हटले, पण माझ्या दृष्टीने तो कळीचा टप्पा आहे. उमेदवार निश्चित झाल्यावर बाहेरून यंत्रणेत माहिती जाते ती तिथेच, चिन्ह भरणाऱ्या एका छोट्या उपकरणातून. २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या पीठाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची आणि मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली, मात्र ही चिन्ह भरणारी उपकरणे मोहोरबंद करून निवडणुकीच्या निकालानंतर ४५ दिवस सुरक्षित ठेवण्याचा आदेश दिला. न्यायालयाच्या त्याच निर्णयानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निवडणुकीच्या निकालापासून सात दिवसांत लेखी मागणी करून, खर्च भरून, मतदारसंघातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. यंत्रात फेरफार आढळला तर भरलेला खर्च परत मिळतो. आपला उमेदवार चौथ्या क्रमांकावर राहिला तर हा मार्ग बंद आहे.

दुसरा मार्ग सर्व उमेदवारांना खुला आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. निवडणूक संचालन नियमांतील ५६ ड नुसार, निकालाचे आकडे वाचल्यानंतर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी कोणत्याही केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्याची लेखी मागणी कारणांसह करू शकतो. ती मान्य करायची की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात आणि कारणे लेखी देतात. मोजणी झाली आणि फरक निघाला, तर यंत्राचा आकडा बाजूला पडतो आणि कागदी चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो. या मागणीला आधार म्हणून सतरा-सीची प्रत आणि वहीतील वेळेसह नोंदी उपयोगी पडतात. ‘लोक म्हणत होते’ एवढ्यावर कोणताही अधिकारी ती मान्य करणार नाही.

मी एकाला मत दिले आणि चिठ्ठी दुसऱ्याची आली, असे एखाद्या मतदाराने सांगितले तर नियम ४९ एमए लागू होतो. केंद्राध्यक्ष त्याच्याकडून लेखी घोषणापत्र घेतात आणि प्रतिनिधींसमोर त्याला चाचणी मत टाकू देतात. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरील मतदान तिथेच थांबते. खोटी निघाली तर मतदारावर खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई होऊ शकते. चाचणी मत पुढे मोजणीतून वजा करतात, म्हणून त्याची सतरा-सीत नोंद झाली का हे पाहावे. शिक्षेच्या भीतीने खरी तक्रारही दडपली जाते, असे माझे ठाम मत आहे, आणि ही तरतूद बदलायला हवी.

विद्युतमंडल

सनद यांचे गणित बरोबर आहे, पण ते एका मतदारसंघापुरते आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, म्हणजे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि फरक आढळला नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. राज्यात सुमारे एक लाख केंद्रे होती. त्यांतल्या एक टक्का यंत्रांतही आकडे बदललेले असते, तर १,४४० च्या नमुन्यात त्यांतले एकही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी ठरते. म्हणून राज्यभर सगळे ठरवून झाले, हे म्हणणे या मोजणीपुढे टिकत नाही. एखाद्याच मतदारसंघात थोड्या केंद्रांवर काही घडले का, या प्रश्नाला मात्र पाच केंद्रांचा नमुना पुरेसे उत्तर देत नाही, हे मला मान्य आहे. तिथे केंद्रावरील प्रतिनिधीच्या नोंदींना पर्याय नाही.

अनघा_वाई

सर्वांचे मनापासून आभार. आता दोन शंका उरल्या आहेत. २०२४ च्या विधानसभेला सायंकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के झाला. आमच्या दिरांचा सगळा राग याच फरकावर आहे. सतरा-सी रात्रीच भरला जातो, तर एवढा फरक कसा पडतो? दुसरे असे की नगरपालिकेच्या निवडणुकीत मला व्हीव्हीपॅट दिसले नव्हते. तिथे प्रतिनिधीने काय करायचे?

केंद्राध्यक्ष_कराड

पाचचा आकडा हा मतदान संपल्याचा आकडा नसतो. दर दोन तासांनी केंद्राध्यक्ष क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोनवरून अंदाजे आकडा कळवतात. रांग लागलेली असताना तो उशिरा जातो, काही ठिकाणचा आधीच्या फेरीतलाच धरला जातो, आणि पाच ते सहा या तासाचे व त्यानंतर चिठ्ठी घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांचे मतदान त्यात येतच नाही. दूरच्या केंद्रांवरची पथके साहित्य परत करेपर्यंत मध्यरात्र उलटते आणि मग आकडे पक्के होतात. एवढे सांगूनही तुमच्या दिरांचे समाधान होईलच असे नाही, आणि त्यांनी माझ्या शब्दावर विसंबण्याचे कारणही नाही. त्यांनी एक करावे: ओळखीच्या प्रतिनिधींकडून मतदानाच्या रात्रीच्या सतरा-सीच्या प्रती मिळवाव्यात आणि त्याच केंद्रांच्या मतमोजणीतील एकूण मतांशी त्या ताडून पाहाव्यात. मोबाइलवरील टक्केवारीला कायदेशीर अर्थ नाही, या कागदाला आहे. केंद्रनिहाय सतरा-सी आयोगाने लगेच संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, ही मागणी मला रास्त वाटते. केंद्रावर चार जणांना दिलेला कागद सर्वांना दाखवण्यात हरकत नसावी.

नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्या राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत आणि तिथली पद्धत निराळी आहे. बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला अनेक जागांसाठी मते द्यायची असतात, प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, आणि सर्व जागांसाठी बटणे दाबून झाल्याखेरीज मतदान पूर्ण होत नाही. दोन बटणे दाबून लोक बाहेर येऊ लागतात आणि अधिकाऱ्यांना त्यांना परत आत पाठवावे लागते. अशा वेळी कोणते बटण राहिले हे सांगण्याच्या निमित्ताने दुसरे कोणी आत जात नाही ना, हे प्रतिनिधीने डोळ्यांत तेल घालून पाहावे. चिठ्ठी नसल्यामुळे तिथे पुढचा कागदी ताळा शक्य नाही, म्हणून अभिरूप मतदान, शून्याची खात्री आणि मोहोरांचे क्रमांक यांवरच सगळा भार येतो. व्हीव्हीपॅट या निवडणुकांतही असावे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट राहून गेली होती. एखाद्या मतदाराच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर त्याला हताश होऊन परत जाऊ देऊ नका. ओळख पटली की त्याला प्रदत्त मत देण्याचा अधिकार आहे. त्यासाठी केंद्राध्यक्षांकडे वेगळ्या कागदी मतपत्रिका असतात, ते मत यंत्रात जात नाही आणि त्याची स्वतंत्र नोंद होते. अशा मतांची संख्या दोन-चारच्या वर गेली तर ती वहीत वेळेसह लिहा आणि उमेदवाराला त्याच वेळी कळवा.

मतदानाच्या रात्री सतरा-सीच्या प्रतीचा स्वच्छ फोटो काढून मूळ प्रत उमेदवाराकडे द्या. मतमोजणीला आपल्या बाजूने जे कोणी टेबलावर बसणार असतील, त्यांच्या हाती त्या टेबलावर येणाऱ्या केंद्रांच्या प्रती आधीच पोहोचल्या पाहिजेत. यंत्र समोर आले की त्यांनी आधी कंट्रोल युनिटचा क्रमांक, मग हिरवी मोहोर, मग एकूण मते, अशा क्रमाने पाहावे, आणि यांतले काही जुळले नाही तर ‘रिझल्ट’ हे बटण दाबले जाण्यापूर्वी हात वर करून लेखी हरकत नोंदवावी.